झाकून ठेवलेलं पीठ

"अहो आई, हे काय करताय?"

सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. माझ्या नवऱ्याने, श्रीपादने ओट्यावर फडक्याखाली ठेवलेला पावाच्या पिठाचा गोळा उघडा पडला होता आणि त्यांच्या उजव्या हाताची चारी बोटं त्यात पार बुडापर्यंत गेली होती. चोरी पकडली गेली असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. उलट, तू अंथरुणातून कशाला उठलीस, असाच भाव होता.

"ताप उतरला का गं?"

"उतरेल तेव्हा उतरेल. पिठात हात का घातलात?"

"बोटं उमटवतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पांढरा गोल गोळा घरात असा ठेवायचा नसतो. पिंडासारखा दिसतो. तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं की. रात्री उरलेली कणीक डब्यात ठेवताना माझी आईसुद्धा तिच्यावर बोटं दाबायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, असं करतात. मी नाशिकहून इथे जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नला आले, नोकरी करायला लागले, कणीक फ्रिजमध्ये ठेवायला लागले, तरी माझाही हात आपोआप जातो. पण ती पोळ्यांची कणीक. तिला चार भोकं पडली काय, न पडली काय, लाटणं फिरलं की सगळं सारखं. हे पीठ निराळं होतं. याच्यात काल संध्याकाळपासून जमलेली हवा होती आणि तेवढीच काय ती श्रीपादची कमाई होती.

"रोज करता?"

"तो पाव करतो त्या दिवशी करते. तो उर्जाला शाळेतून आणायला गेला की. त्याच्यासमोर केलं तर म्हणेल, आई अडाणी आहे." त्यांनी बोटं बाहेर काढली. पीठ ओलं, चिकट. भोकं हळूहळू आपोआप बुजायला लागली. "आणि तूही सांगू नकोस. साहेब माणूस तो, त्याला कशाला असल्या गोष्टी."

मला हसू येईना आणि रडूही येईना. सासूबाई आल्यापासून श्रीपादचा एकही पाव धड झाला नव्हता. सगळे बसके, आतून गिच्च. त्याने यीस्ट बदललं. पीठ बदललं, मग पहिलंच पीठ पुन्हा आणलं. भांडं हीटरजवळ ठेवून पाहिलं, हीटरपासून लांब ठेवून पाहिलं. एकदा मी ऑफिसातून आले तर हा खुर्चीवर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. म्हणाला, "शुभा, माझ्या हातालाच काहीतरी झालंय गं." मी नेहमीप्रमाणे खेकसले, "हाताला काही झालेलं नाही, डोक्याला झालंय, ऊठ." आणि कारण बघावं तर हे असं, लोकरीचा स्वेटर घालून ओट्यापाशी उभं.

आता ही पावाची भानगड सांगायलाच हवी.

श्रीपादची नोकरी जूनमध्ये गेली. इथेच, गावातल्या त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत तो कन्सल्टंट होता. माणूस म्हणाल तर अगदी साधा. कामावर वेळेवर जाणार, वेळेवर येणार, डबा धुऊन आणणार. पार्टीला गेला तर भिंतीजवळ उभा राहून ज्यूस पिणार. मी आहे तोंडाळ, आमच्या घरातलं बोलणं सगळं मीच करते, आणि तो 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतो. जर्मन माणसं दोन मिनिटांत पाच वेळा म्हणतात तसं. त्याला कुणी कधी हटकलं नाही आणि कुणी कधी वाखाणलंही नाही. मंदी आली, माणसं कमी करायची ठरली, तेव्हा वाखाणलेले राहिले.

ख्युंडिगुंग, म्हणजे कामावरून काढल्याचं पत्र, हातात पडलं त्यानंतर काही दिवस तो नुसता झोपला. मग अर्ज करायला लागला. फ्रँकफुर्ट, वाल्डॉर्फ, पार हॅम्बर्गपर्यंत. नकार येतात ते इतके नम्र की वाचणाऱ्याने आभार मानावेत. आणि मग कुठून तरी नेटवर त्याला हा न मळता करायचा पाव सापडला. पीठ, मीठ, पाणी आणि चिमूटभर यीस्ट. चमच्याने ढवळायचं, झाकायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी दोन घड्या घालून गोळा करायचा, तो फडक्यात पुन्हा फुगू द्यायचा आणि ओव्हनमध्ये तापवलेल्या जड भांड्यात टाकून वर झाकण लावायचं. बस.

"मळायचं नाही?" मी विचारलं.

"नाही. नुसतं ठेवून द्यायचं आणि वाट बघायची," श्रीपाद म्हणाला. "हे मला जमेल. सध्या तेच करतोय."

पहिला पाव त्याने माझ्या माहेरच्या कुकरमध्ये केला, जड आणि झाकणाचं भांडं घरात तेवढंच म्हणून. दांड्याचं प्लास्टिक वितळून ओव्हनभर झालं आणि घराला कितीतरी दिवस तो वास होता. मी जे बोलायचं ते बोलले. मग त्याने फ्लोमार्क्टमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, बिडाचं भांडं आणलं, आणि त्यातून जो पाव निघाला तो बघून मात्र मी गप्प झाले. वर खरपूस, आतून जाळीदार, आणि बाहेर काढून ठेवला की कवच तडतडायचं. आमची लेक उर्जा कान लावून ऐकायची. मी ऑफिसात नेला तर आमच्या पेन्शनीत निघालेल्या बाईंनी दोनदा मागून घेतला. श्रीपादला सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावर, काय सांगू, कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. दिवसभरात त्याने केलेली एखादी गोष्ट कुणीतरी हवी म्हणून मागितली होती.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. तिकीट आधीच काढलेलं, नोकरी होती तेव्हाचं. आणि नोकरी गेल्याचं त्यांना सांगायचं नाही, असं श्रीपादने मला बजावलं होतं. बजावलं म्हणजे, हात जोडले. या माणसाने लग्नानंतर माझ्यापुढे कशासाठीही हात जोडले नव्हते.

का सांगायचं नाही, ते मला ठाऊक होतं. सासरे जानेवारीत गेले. मिरजेला, घरी, सकाळी चहा पिता पिता. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात जन्म काढलेला माणूस, जाताना कुणाला त्रास दिला नाही. फोन आला तेव्हा श्रीपादच्या ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज नुकतीच सुरू झाली होती. मी म्हटलं, जा. बॅग काढून पलंगावर ठेवली. तो म्हणाला, "अग्नीला तर पोचत नाहीच. आणि आत्ता रजेवर गेलो की यादीत पहिलं नाव माझं. बाबाच म्हणाले असते, नोकरी सांभाळ." दहाव्याला पोचला असता. नाही गेला. चुलतभाऊ नागेशने सगळं केलं. श्रीपाद त्या दिवशी ऑफिसला गेला, डबा घेऊन, आणि संध्याकाळी डबा धुऊन आणला.

नोकरीसाठी बापाच्या दहाव्याला गेला नाही आणि नोकरीही गेली. हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून मग घरात नाटक सुरू झालं. श्रीपाद रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून झोपण्याच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. आईला सांगितलं होतं, आता कंपनी घरूनच काम करायला देते. सासूबाईंना कौतुक. दाराबाहेरून जाताना पावलंसुद्धा न वाजवता जायच्या. मधून मधून आतून त्याचा जर्मन बोलण्याचा आवाज यायचा. या, या, गेनाऊ, मंगळवारपर्यंत देतो. एकदा मी काहीतरी घ्यायला आत गेले, तर टेबलावर फोन बंद पडलेला आणि हा भिंतीकडे बघून बोलत होता. मी दार लावून बाहेर आले. त्या दिवशी मी कुणाशीच भांडले नाही.

उर्जा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. एकदा जेवताना तिने सरळ विचारलं, पापा खोलीत कुणाशी बोलतो, त्याला तर नोकरी नाही. जर्मनमध्ये, आजीच्या देखत, घास चावता चावता. श्रीपादचा हात ताटात थांबला.

"काय म्हणते गं पोरगी?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, शाळेतलं," मी म्हटलं, आणि उर्जाकडे असं बघितलं की तिने पुढचं बोलणं गिळलं. आजी बिचारी नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हुशार आहे. बापावर गेलीय."

तर असं सगळं चाललं होतं. दुपारी 'काम संपलं' की श्रीपाद पिठाला घड्या घालायचा, फडक्याखाली ठेवायचा आणि उर्जाला होर्टमधून आणायला जायचा. शाळा सुटल्यावर तिथेच थांबतात पोरं. आणि मागे सासूबाई बोटं उमटवायच्या.

मी ओट्याला टेकून उभी होते. अंग कणकणत होतं. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर मायलेकरांत वाजणार. नाही सांगितलं तर हा आपल्या हातांना दोष देत बसणार. मी त्यांना म्हटलं, "आई, तो पाव त्याने बसतो. हवा जाते त्यातली. तुम्ही उद्यापासून नका करू, मी त्याला काही सांगत नाही."

"पाव बसला तर बसला. घरावर काही यायला नको," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हात पुढे केला. कडेला एक भाग राहिला होता म्हणे.

तेवढ्यात दार उघडलं. किल्लीचा आवाज मला आलाच नाही, कान तापाने भरले होते. उर्जा बूट काढता काढता काहीतरी सांगत होती, आणि तिच्या मागे श्रीपाद, हातात तिचं दप्तर. आमचं स्वयंपाकघर दारातून समोरच दिसतं. त्याने दप्तर खाली ठेवलं नाही. तसाच आत आला.

"आई, काय करतेस?"

सासूबाईंनी हात मागे घेतला. बोटांना पीठ लोंबत होतं.

"काही नाही रे."

त्याने पिठाकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिशेब जुळायला त्याला वेळ लागला नाही. इंजिनिअरच शेवटी.

"रोज?" त्याने मला विचारलं. मी मान हलवली.

"उर्जा, तू आत जा," मी म्हटलं.

"वारूम?"

"कारण मी सांगतेय."

ती गेली. श्रीपादने दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाला, "एवढी एक गोष्ट मला जमत होती, आई. एकच." आवाज मोठा नव्हता. "मी वेड्यासारखा पीठ बदलतोय, यीस्ट बदलतोय. मला वाटलं माझ्या हातालाच यश नाही. आणि तू इथे..."

"अरे, एवढं काय झालं? पाव तर आहे," सासूबाई म्हणाल्या. "एवढा मोठा साहेब तू, आणि मूठभर पिठासाठी आईवर ओरडतोस?"

"का केलंस ते सांग."

"घरात पिंड ठेवायचा नसतो, म्हणून केलं."

"पीठ आहे ते, आई. नुसतं पीठ."

"पीठच असतं. भाताचा असतो, पिठाचाही असतो." त्या बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण श्रीपाद हसला. खुशीचं हसू नव्हतं ते, नाकातून सोडतात तसलं. आणि तेवढं पुरलं. "तुला कुठून माहीत असणार म्हणा," त्या म्हणाल्या. "तू कुठे होतास?"

नऊ महिन्यांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. फोनवर नाही, विमानतळावर नाही. श्रीपादने खुर्चीची पाठ धरली.

"नागेशने केलं ना सगळं नीट. तूच म्हणालीस. कावळा लगेच शिवला म्हणालीस."

"मग काय सांगणार होते तुला, परदेशात एकट्याला?" सासूबाईंनी पिठाची बोटं पदराला न लावता तशीच अधांतरी धरली होती. "बायकांनी घाटावर जायचं नसतं. तरी मी गेले. म्हटलं, पोरगा नाही तर मी तरी असावं. पिंड ठेवला. कावळे झाडावर, पण एक खाली येईना. नागेश हात जोडून म्हणाला, काका, काकूला मी सांभाळीन. नाही आला. श्रीधरभावजी म्हणाले, घराचं मी बघतो, जीव अडकवू नकोस. नाही आला. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. शेवटी मी पुढे झाले. म्हटलं, अहो, श्रीपाद बरा आहे, त्याची काळजी करू नका. तरी नाही. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला. गवताचा. सगळे माना खाली घालून घरी आले."

मला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मिरजेहून फोन यायचा तेव्हा त्या हवापाण्याचं बोलायच्या, आंब्याच्या मोहराचं बोलायच्या. एवढं पोटात घेऊन ही बाई आमच्याकडे येऊन राहिली होती आणि उर्जाच्या वेण्या घालत होती. मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि श्रीपादकडे बघवेना.

"आई," तो म्हणाला.

"मी तुला बोल लावत नाही रे." त्यांचा आवाज आता खाली आला होता. त्यालाच समजावत होत्या. "मी मनाची समजूत घातलीय केव्हाच. तू काही मजेत नव्हतास बसला. पोटापाण्यासाठी थांबलास. रोज दिवा लावताना मी त्यांना तेच सांगते. म्हणते, तो आला नाही, पण त्याची नोकरी राहिली हो. लोकांच्या गेल्या, त्याची राहिली. त्याचं न येणं तरी वाया गेलं नाही. रोज सांगते."

मी श्रीपादचा दंड धरला. नको, असं मला म्हणायचं होतं. आत्ता नको. उद्या सांग, कधीच सांगू नकोस, त्या डिसेंबरात परत जातायत. पण त्याने माझा हात हलकेच बाजूला केला.

"नोकरी गेली, आई."

"कुणाची?"

"माझी. जूनमध्येच गेली. मी घरून काम करत नाही. काम नाहीच. मी आत नुसता बसतो."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बंद खोलीच्या दाराकडे. मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, जो रोज सकाळी त्या स्वतः खुर्चीवरून उचलून त्याच्या हातात देत होत्या. मला वाटलं, रडतील. मला वाटलं, त्याला जवळ घेतील, आया घेतात तसं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"म्हणजे तेही गेलं आणि हेही," त्या म्हणाल्या.

एवढंच. रागाने म्हणाल्या नाहीत. भाजी आणायला गेलेल्या माणसाने परत येऊन काय मिळालं नाही ते सांगावं, तितक्याच आवाजात. पण श्रीपाद जो खाली बसला तो खुर्ची आहे की नाही हेही न बघता बसला. खुर्ची होती म्हणून बरं.

सासूबाईंनी नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या. ओलं पीठ बोटांच्या बेचक्यांतून निघता निघत नाही. त्या कितीतरी वेळ हात चोळत होत्या. मग पदराला हात पुसून आपल्या खोलीत गेल्या. त्यांची खोली म्हणजे उर्जाची, गादी घालून दिलेली. उर्जा बाहेर आली आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, आजी भिंतीकडे तोंड करून झोपलीय. भूक लागलीय, हेही म्हणाली.

ओव्हन तापलेला होता. श्रीपादने तो बंद केला नाही. उठला, बिडाचं भांडं बाहेर काढलं, त्यात तो बसका गोळा टाकला, झाकण लावलं, पुन्हा आत सरकवलं.

"कशाला आता?" मी म्हटलं.

"मग काय करू, फेकू?" तो म्हणाला. त्यालाही ते जमलं नसतं आणि मलाही.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मी पेज करून नेली, ती तशीच राहिली. मी म्हटलं, आई, त्याची काही चूक नाही हो, मंदी आलीय, हजारोंच्या गेल्या. त्या म्हणाल्या, "मला कळतं गं. तू झोप जा, ताप आहे तुला." पण त्यांनी तोंड इकडे केलं नाही. आणि मला काय वाटत होतं ते सांगू? मला वाटत होतं, या बाईला जे रोज दिव्यापाशी म्हणायला होतं, तेही आम्ही काढून घेतलं. नवरा गेला, मुलगा आला नाही, या सगळ्याला तिने कसंबसं एक कारण लावून ठेवलं होतं. आता ते कुठून आणायचं?

सकाळी माझा ताप उतरला होता, पण ऑफिसला जाण्याचं त्राण नव्हतं. उर्जा खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर शाळेत गेली. सासूबाईंनी आंघोळ करून दिवा लावला. रोज तिथे त्यांचे ओठ हलायचे. मी कधी लक्ष दिलं नव्हतं, वाटायचं स्तोत्र असेल. आज त्या हात जोडून नुसत्या उभ्या राहिल्या आणि मग वळून स्वयंपाकघरात आल्या.

श्रीपाद टेबलापाशी बसला होता. दाढी वाढलेली, अंगात जुना टीशर्ट. खोलीचं दार सताड उघडं होतं. आई आल्यावर तो उठून उभा राहिला, का ते त्यालाही माहीत नसावं, आणि पुन्हा बसला. मी तिघांना चहा ओतला. सासूबाईंनी बशी पुढे ओढली पण कप उचलला नाही.

कालचा पाव लाकडी पाटावर होता. भाकरीपेक्षा थोडा उंच, आणि रात्रभरात कवच असं कडक झालेलं की सुरी टेकली की करकर वाजावी. श्रीपाद ती करकर वाजवत एक काप काढायच्या खटपटीत होता. कुणी मागितला नव्हता. हाताला काहीतरी काम हवं असणार.

फोन वाजला. मी उचलला. मिरजेहून नागेश होता. "वहिनी, काकू आहे का? तिच्या बँकेतलं विचारायचं होतं," तो म्हणाला. मी फोन सासूबाईंना दिला.

"बोल रे," त्या म्हणाल्या. मग बँकेचं झालं. घरावरच्या पत्र्याचं झालं. हं, हं करत ऐकत होत्या. इकडे सुरीची करकर चालली होती. मग नागेशने काहीतरी विचारलं, आणि त्या थांबल्या.

"श्रीपाद?" त्या म्हणाल्या.

श्रीपादचा सुरीवरचा हात थबकला.

"श्रीपाद ऑफिसला गेलाय," सासूबाई म्हणाल्या. त्या समोर त्याच्याकडेच बघत होत्या. "मघाशीच गेला. हो. हो रे, काम फार असतं त्याला. त्याच्यावाचून अडतं त्यांचं, सोडतच नाहीत. म्हणून तर तेव्हा यायला जमलं नाही बघ."

पलीकडे नागेश काहीतरी बोलत होता. आवाज बारीक येत होता, शब्द कळत नव्हते.

"सांगते त्याला, आला की," त्या म्हणाल्या.

श्रीपादने सुरी पावात तशीच अडकलेली ठेवली आणि आवाज होणार नाही अशा बेताने हात काढून मांडीवर घेतले. त्या फोन ठेवेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही.